गंजीतली ऊब

भैरवीने आधी गाडी पाहिली, माणसांना राम राम नंतर केला. मोहरील सरांची ही पहिली शिकवण. श्रीकृष्ण मोहरील म्हणजे यवतमाळातले जुने विमा सर्वेक्षक. कुठे काही जळलं, बुडलं, उलटलं की कंपनीच्या वतीने जायचं, नुकसान पाहायचं, कारण शोधायचं आणि अहवाल लिहायचा, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. "माणसं आधी भेटली की गाडी त्यांच्या डोळ्यांनी दिसते," असं ते म्हणत. त्या डिसेंबरात त्यांचंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून सही त्यांची आणि डोळे भैरवीचे, असा कारभार चालला होता.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर प्रयोगशाळेत नोकरी लागेपर्यंत म्हणून ती सरांकडे आली आणि सहा महिन्यांत रमली. लाकूड कुठे किती खोल कोळसलं, रंगाचे पापुद्रे कुठे सुटले, काच कुठे नुसती तडकली आणि कुठे ओघळली, यावरून आगीने कोणती वाट धरली ते काढता येतं, हे तिला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

मेटॅडोर बंजारा तांड्याच्या तोंडाशी लिंबाखाली उभी होती. कापूस भरून बाजाराला निघालेली, राळेगाव रस्त्यावर पेटलेली आणि तिथून ट्रॅक्टरने ओढून आणलेली. चाकं रिंगांवर बसली होती. भैरवी हौद्यात चढली आणि खाली गुडघ्यांवर बसली. मधल्या फळ्या पार जळून भोक पडलं होतं. कडेच्या फळ्या नुसत्या काळवंडल्या होत्या. फाळक्याच्या आकड्यात ताडपत्रीचा वीतभर तुकडा अडकून राहिला होता. तो तिने उलटून पाहिला. वरची बाजू निळी, जशी दुकानातून आणली तशी. खालची बाजू करपलेली.

"लाईनची तार लोंबून राह्यलती मॅडम," खाली उभा असलेला खेमसिंग म्हणाला. गाडी त्याची, चालवायचाही तोच. पस्तिशीचा, काटक, आणि बोलताना नजर हौद्यावर न ठेवता हौद्याच्या थोडी पलीकडे ठेवणारा. "ताडपत्रीले घासली, ठिणगी पडली, अन् भकाभका पेटली. मी उडी मारली म्हणून वाचलो."

"निळी ठिणगी," बाजूचा म्हातारा म्हणाला. हात पाठीमागे बांधून तो असा उभा होता, जणू पंचनामा त्याचाच आहे. सेवादास त्याचं नाव. तांड्यात कुणाचंही सरकारी काम निघालं की तो आधी हजर.

"काका, तुम्ही गाडीत होतात?"

"मी कायले असन गाडीत? मी तं घरी जेवून राह्यलतो. पण लाईनची ठिणगी निळीच रायते. सायन्स हाय ते."

भैरवीला हसू आलं, ते तिने वहीत लपवलं. येताना तिने गाडी पेटली ती जागा, रस्त्याकडेचं जळालेलं गवत, पाहिली होती. तिथे वर तार नव्हती. तार होती ती पंचावन्न पावलं पुढे, आणि दोन मेटॅडोर एकावर एक ठेवल्या तरी टेकणार नाही इतकी उंच. तिने लिहिलं: आग वरून खाली नाही. आतून बाहेर.

"भाऊ, गाडीवर कुणी बिडी ओढत होतं?"

"नाई मॅडम. याडीची आन." याडी म्हणजे आई. ही शपथ त्याने नजरेला नजर देऊन घेतली.

बिडी नाही, तार नाही. मग उरतं एकच. भैरवीने पेन्सिल थांबवली. तिच्या मनात आलं ते गाडीबद्दल नव्हतं.

"हा कापूस कुठल्या ढिगातला, कुठल्या गंजीतला होता?"

"घरचाच. समोरच्या खोलीतला."

"आणि मागच्या खोलीत?"

"तितंबी हाय ना," खेमसिंग म्हणाला आणि पुन्हा पलीकडे पाहू लागला.

त्या वर्षी पेरणी दुबार झाली होती, वेचणी लांबली होती, आणि खरेदी केंद्रं उघडली तरी भाव वाढेल या आशेवर लोकांनी कापूस घरातच धरून ठेवला होता. ज्यांच्या दोन खोल्या, ती माणसं एका खोलीत राहत. ज्यांची एकच, ती ओसरीत. खिडक्यांच्या गजांतून कापूस बाहेर आलेला असे. रस्त्याने जाताना भैरवीला ते चांगलं वाटत आलं होतं, घरांना दाढी आल्यासारखं.

खेमसिंगच्या घराच्या दारात त्याची आई रुक्माबाई बसली होती. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, कपाळावर गोंदण, गुडघ्यांना तेल चोळत होती.

"ये वं पोरी, बस. एवढीशी तं हायेस तू. घरच्यायनं जळकी गाडी पाह्यले पाठवलं, सोयरीक पाह्यले काहून नाई पाठवत?"

"सोयरिकीतही आधी काय वगळलंय ते वाचावं लागतं, मावशी."

रुक्माबाईला यातलं काही समजलं नाही, पण पोरीने उलट उत्तर दिलं एवढ्यावर ती खूश झाली. "बबिता, चहा ठेव! साखर जास्त टाक, हे बोलते चांगली."

बबिता, खेमसिंगची बायको, चुलीपाशी होती. तिने डाव्या हाताने भांडं उचललं. उजव्या तळव्याला हळदीचं फडकं बांधलेलं होतं.

खेमसिंगने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले. भैरवीने गाडीची पॉलिसी मागितली होती, पिशवीत दोन निघाल्या. दुसरी घराची. राळेगावच्या एजंटाने गाडीबरोबर तीही गळ्यात मारली होती. घर रुक्माबाईच्या नावावर, म्हणून पॉलिसीही तिच्याच नावाची. घराबरोबर घरात साठवलेला शेतमालही तिच्यात धरला होता. भैरवीने दोन्ही वाचल्या. न वाचता कागद परत देणं तिला कधी जमलंच नव्हतं.

वाचता वाचता तिला वास आला. आधी वाटलं, चुलीवर काही आहे. पण चुलीवर चहाच होता. हा वास गोडसर, तेलकट, सरकी उकडल्यासारखा होता. ती मान न उचलता श्वास घेत राहिली. वास मागच्या खोलीच्या दारातून येत होता.

"मावशी, मागची खोली पाहू?"

"पाय ना. लक्ष्मी हाय तितं."

खोली कापसाने टिनाच्या छतापर्यंत भरली होती. दारापाशी तेवढी माणसाच्या उंचीची पायरी ठेवली होती, आणि त्या पायरीवर गोधडी, उशी, पाण्याचा तांब्या.

"इथे कोण झोपतं?"

"मीच," रुक्माबाई म्हणाली. "वीस दिवस झाले. बाहेर एवढी थंडी पडून राह्यली, पण इथं पाय, गोधडी घ्यायचं काम नाई. माहे गुडघे असे मोकळे झाले! डॉक्टरच्या सुईनं नाई झाले ते लक्ष्मीच्या उबेनं झाले."

भैरवीने वर पाहिलं. टिनाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरले होते. डिसेंबरातल्या कोरड्या सकाळी, अकरा वाजता. एक थेंब तिच्या मनगटावर पडला. कोमट होता.

तिने पर्समधून थर्मामीटर काढलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं, पेन्सिलच्या डबीत कापूस घालून ठेवलेलं. बाहेर चोवीस अंश. तिने हात कोपरापर्यंत गंजीत घातला, थर्मामीटर बोटांच्या टोकाशी धरलं आणि मनात तीनशेपर्यंत मोजलं. एक्केचाळीस. हे हातभर आत. गंजी दहा फूट खोल होती.

"मला एक लांब लोखंडी सळाख द्या," ती खेमसिंगला म्हणाली. "मधोमध घालायची, दहा मिनिटांनी काढायची. जिथे तापेल तिथे आत किती तापलंय ते कळेल."

खेमसिंग हलला नाही. रुक्माबाईच मध्ये आली. तिचा आवाज आता थट्टेतला नव्हता.

"लोखंड नाई लावायचं. खाली सीतेचा कापूस हाय."

मग तिने सांगितलं. वेचणीच्या पहिल्या दिवशी वावरात सीतादही करतात. चार दगड मांडायचे, दहीभात ठेवायचा, बोंडांवर दही शिंपडायचं, मग वेचायला लागायचं. पूर्वी हे तांड्यात नव्हतं. तिच्या सासूच्या काळात तांडा शेती करू लागला, तेव्हा गावातल्या कुणब्यांच्या बायांकडून आलं. तिच्या घरात त्याला एक गाठ आणखी बसली: त्या दिवशीचा पहिला ओंजळभर कापूस लाल फडक्यात बांधून गंजीच्या बुडाशी ठेवायचा, आणि ती गंजी सगळ्यांच्या शेवटी मोडायची. आधी दुसरी खोली विकायची. मोडेपर्यंत तिच्यातला कापूस काढायचा नाही, लोखंड तर लावायचंच नाही.

"आणि यंदा सीतादह्याच्या दिवशी पाऊस होता," भैरवी म्हणाली.

"तुले कोनं सांगितलं?"

"कुणी नाही. तीन दिवस होता. यवतमाळातही होता."

"तीन दिवसांचा वेचा सगळा ओला," चुलीजवळून बबिता म्हणाली. "वावरात सोडला असता तं काळा पडला असता. मंग दोन्ही खोल्यायत भरला. मावत नोता, तुडवून तुडवून भरला."

"तू चहा पाय," खेमसिंग म्हणाला.

भैरवी त्याच्याकडे वळली. ओला कापूस, तुडवून भरलेला, वर कोरडा वेचा. सरकी ओली असली की श्वास घेते; बुरशी आणि जंतू कामाला लागतात; साठ-सत्तर अंशांपर्यंत ते स्वतःच ऊब करतात आणि मग त्याच उबेने मरतात. तिथे थांबलं तर थांबलं. नाहीतर पुढे सरकीचं तेल हवेशी भिडतं, आणि त्याला जिवंत असण्याची गरज नसते. हे सगळं तिला पाठ होतं. तिला माहीत नव्हतं ते एवढंच, की समोरची गंजी कुठल्या टप्प्यावर आहे. ते या माणसाला माहीत होतं.

"खेमसिंगभाऊ, एकच विचारते. गाडी भरली तेव्हा कापूस गरम होता का?"

"तार होती मॅडम."

"तार होती," सेवादास दारातून म्हणाला. कधी येऊन उभा राहिला कुणास ठाऊक.

"मी तारेचं विचारलं नाही. तार असेल तर चांगलंच आहे. मग ही खोली थंड आहे, मावशी आज रात्रीही इथे झोपतील. पण तार नसेल, तर गाडीत जे पेटलं त्याचा सख्खा भाऊ इथे आहे. त्याच पावसाचा, त्याच तीन दिवसांचा. बोला."

 टिनावरून आणखी एक थेंब गोधडीवर पडला.

सेवादासनेच खाकरून सुरुवात केली. "मॅडम, तुम्ही शिकल्यासवरल्या. पण मी वणीकडे जिनिंगवर मुकादम होतो बारा वर्षं. तितं गोदामात कापूस आतूनच पेटला. मालक भोळा. खरं सांगितलं त्यानं, आपोआप पेटला म्हणून. कंपनीनं कापसाचा छदाम देल्ला नाई. आपोआप जळलं तं काई भेटत नाई. मी याले तेच सांगितलं, तार म्हण."

"काका, तुम्ही ऐकलं ते अर्धं खरं आहे," भैरवी म्हणाली. तिने गाडीची पॉलिसी उघडली आणि इंग्रजी ओळीवर बोट ठेवून मराठीत वाचली. "कशाकशाने गाडीचं नुकसान झालं तर भरपाई, त्याची ही यादी. आग. स्फोट. स्वतःहून पेट घेणं. वीज पडणं. स्वतःहून पेट घेणं लिहिलेलंच आहे, काका. गाडीला आग तारेने लागो, नाहीतर आतल्या कापसाने लागो, गाडीची भरपाई आहे. गाडीत भरलेला कापूस या पॉलिसीत नाही, तो तार असती तरी नव्हता. खोटं सांगून भाऊंना जास्त काही मिळणार नाही. उलट खोटं उघडं पडलं की आहे तेही जाईल, कारण हा सगळा व्यवहार एकमेकांना खरं सांगण्याच्या बोलीवरच होतो. गोदामाची गोष्ट निराळी होती. ती दुसऱ्या जातीची पॉलिसी."

खेमसिंग कागदाकडे पाहत होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण बोट जिथे होतं त्या ओळीवरून त्याची नजर हलत नव्हती.

"म्हणजे म्या फुकटच..." तो म्हणाला आणि थांबला.

बबिताने चहाचं भांडं खाली ठेवलं. तळव्याचं फडकं सोडलं. तळवा लाल होता, दोन फोड फुटलेले.

"चुलीवर नाई भाजला," ती म्हणाली. "गाडी भरताना भाजला. समोरच्या खोलीत मधात हात घातला तं निखाऱ्यावानी. मी म्हणली, थांबा जी. तं म्हणे, पटकन भर, ताडपत्री टाक, मार्केटात गेलं का थंड होते."

रुक्माबाईने मुलाकडे पाहिलं. "अन् मले या खोलीत झोपू देत होता तू?"

"याडी, मले वाटलं समोरच्याच खोलीत होतं ते..." खेमसिंग म्हणाला. "तुहे गुडघे मोकळे झाले म्हणे. तूच म्हणत होती ना."

"उकिरडा आतून कसा वाफाळतो, मावशी," भैरवी म्हणाली, "तसंच हे. फक्त उकिरडा उघड्यावर असतो. याच्यावर तुम्ही दहा फूट गोधडी घातलीये."

रुक्माबाईने मान हलवली. उकिरडा तिला समजला. "आण सळाख," ती म्हणाली. "घाल."

ट्रॅक्टरवाल्याकडून सळाख आली, बोटाएवढी जाड, बारा फुटांची. खेमसिंगने ती छातीच्या उंचीवर मधोमध घातली. सुरुवातीला सरळ गेली. मग घट्ट लागली. मग एकदम काहीच न लागल्यासारखी फूटभर आत शिरली आणि खेमसिंग तोल जाऊन पुढे आला. भैरवीला ते आवडलं नाही. गंजीत पोकळी नसते.

तिने घड्याळ लावलं. दहा मिनिटं सगळे बसून होते. चहा कुणी घेतला नाही. सातव्या मिनिटाला सळाखेच्या भोकातून बारीक वाफ येऊ लागली. आठव्याला ती दाट झाली.

"काढा."

सळाख बाहेर आली तेव्हा तिच्या मधल्या भागाला चिकटलेला कापूस पांढरा नव्हता. चहाच्या रंगाचा, मग गडद, आणि टोकाच्या दोन फुटांवर काळा. रुक्माबाईच्या तांब्यातलं पाणी भैरवीने त्या टोकावर ओतलं. चर्र आवाज झाला आणि पाणी खाली पडलंच नाही.

"पोरंसोरं बाहेर काढा," भैरवी म्हणाली. "आधी माणसं. चूल विझवा. खिडकी उघडू नका, हवा मिळाली की भडकेल."

भिंतीपलीकडे भुरीबाईचं घर होतं. भिंत एकच, मातीची, आढं सामाईक. भुरीबाई लकव्याने चार वर्षं खाटेवर होती. भैरवीने भिंतीला हात लावला. भिंत तापलेल्या भाकरीसारखी गरम होती.

तांडा आंगणात जमला. चाळीसेक माणसं, आणि सगळ्यांची तोंडं त्या टिनाकडे. वर काही दिसत नव्हतं. निरभ्र आकाश, टिन, आणि टिनावरून विजेच्या खांबाकडे गेलेली काळी तार.

सेवादासने तारेकडे पाहिलं. मग खेमसिंगला बाजूला घेतलं, पण त्याचा आवाज मुकादमाचा होता, बाजूला मावणारा नव्हता. "पाय खेम्या. माणसं बाहेर निघाली ना? भुरीलेबी उचलून आणू. मंग बसा. हात लावू नका. जळू दे. घराची पॉलिसी हाय, कापूसबी हाय तिच्यात. अन् तार तं आता खरोखरच हाय वर. कोन पाह्यले येते?"

खेमसिंग भैरवीकडे आला. त्याने सरळ विचारलं, हे तिला पुढे कितीदा आठवलं. "मॅडम, घराच्या कागदात काय लिहिलं?"

तिने सांगितलं. दुसरं काही सांगता येण्यासारखं नव्हतं. "घर जळलं तर भरपाई आहे. कापूस वगळलाय. जी वस्तू आपल्याच आतल्या तापण्याने जळते, त्या वस्तूची भरपाई नाही. तिच्यामुळे दुसरं जे जळतं, त्याची आहे. गोदामवाल्याचं तेच झालं होतं. तुम्ही आता कापूस बाहेर काढलात आणि तो उघड्यावर खराब झाला, तर त्याचंही काही नाही."

"अन् तारेनं जळला असता तं?"

"तर कापसाचेही मिळाले असते."

"तुम्ही काय लिहिसान?"

"मी सळाख पाहिली, भाऊ."

खेमसिंग तसाच उभा राहिला. त्या खोलीत त्याचं उरलेलं वर्ष होतं. समोरच्या खोलीतला सगळा कापूस रस्त्यावर जळून गेलाच होता. काढलं तर हातचं जाणार, नाही काढलं तर घर जाणार, भुरीबाईचं जाणार, कदाचित आणखी दोन. आणि सर्वेक्षक पोरगी एकटी. मोहरील सर नेहमी म्हणत, कारण म्हणजे शेवटची ठिणगी नव्हे, साखळी जिथून सुरू झाली ती कडी. भैरवीला पहिल्यांदाच वाटलं, ही कडी आपल्याला सापडली नसती तर बरं झालं असतं. आढ्याच्या फटीतून धुराचा एक बारीक दोरा निघाला, सरळ वर गेला.

"पॉलिसी कोनाच्या नावानं हाय?" रुक्माबाईने विचारलं.

"तुमच्या, मावशी."

"मंग आंगठाबी माहाच लागन." ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली. "सेवादास, तुह्या तोंडात तार घाल. भुरीच्या भिंतीले भिंत हाय माही. वीस दिवस मी त्या आगीवर पाठ टेकून झोपली अन् मले नाई समजलं, ते आता तारेच्या नावावर टाकू का? खेम्या, गोणपाट भिजव. बबिता, हंडे भर. गंजी मोडायची हाय."

"याडी, सीतेचा..."

"सीतेले आगीतून मीच काढते. बाजूले सर."

भैरवीने सांगितलं तसं केलं. आधी भुरीबाईची खाट चौघांनी उचलून लिंबाखाली नेली. मग दारातूनच, वरून खाली, थर थर काढायचं. प्रत्येक टोपल्यावर ओलं गोणपाट. गावाबाहेरच्या खळ्यात नेऊन पातळ पसरायचं. सळाखेच्या जागेला सगळ्यात शेवटी हात. पहिला कवभर कापूस रुक्माबाईने घेतला. घेण्याआधी कापसाला हात लावून कपाळाला लावला.

वरचा कापूस पांढराशुभ्र निघाला, इतका की दोन-तीन जणांनी भैरवीकडे वळून पाहिलं. दुपार झाली तसा तो पिवळा येऊ लागला. मग भाजल्यासारखा तांबूस. वासाने डोळे चुरचुरत होते. खळ्यात पसरलेल्या कापसातलं एक टोपलं, कुणी हात लावला नसताना, नुसतं वारं लागून पेटलं. बाया ओरडल्या, पाणी पडलं, विझलं. त्यानंतर कुणी वळून पाहिलं नाही.

चार वाजता ते पोकळीपाशी पोचले. घागरीएवढी, काळी. हवा लागताच तिच्या भिंतीवरून लाल रेघ मुंगळ्यासारखी फिरू लागली. तीन हंडे ओतले तेव्हा खोली वाफेने भरली आणि सगळे बाहेर पळाले. वाफ विरली तेव्हा घर होतं. आढ्याचं एक लाकूड कोळसलं होतं. भुरीबाईच्या बाजूने भिंतीचं लिंपण सुटून पडलं होतं.

बुडाशी, भिंतीला लागून, लाल फडकं सापडलं. वरच्या बाजूने ते तपकिरी झालं होतं, गाठ तशीच. रुक्माबाईने ते पदरात घेतलं, उघडून पाहिलं नाही.

भैरवीने आंगणात बसून दोन जबाब लिहिले. गाडीच्या जबाबात आगीचं कारण: ओल्या कापसाचं नैसर्गिक तापणं. खेमसिंगने सही केली. तारेचा उल्लेख तिने खोडला नाही, पुढे 'नंतर स्वतःहून दुरुस्त केला' असं लिहिलं. वाचताना सर त्यावर थांबतील हे तिला माहीत होतं. घराच्या जबाबात लिहायला फारसं नव्हतं. एक लाकूड, एक भिंत. कापसाच्या रकान्यात तिने 'वगळलेलं' लिहिलं आणि रुक्माबाईचा आंगठा घेतला. आंगठा टेकवताना रुक्माबाई म्हणाली, "आता थंडी वाजन वं पोरी."

निघताना सेवादास स्कूटीपाशी आला. "मॅडम, त्या गोदामाचं. मालकाले गोदामाचे तरी पैसे भेटले असन ना? आमाले कोनी सांगितलं नाई कधी."

"मिळाले असतील, काका."

राळेगाव रस्त्याला लागली तेव्हा ऊन कललं होतं. जळालेलं गवत मागे गेलं. मग एक गाव आलं, मग दुसरं. घरांच्या खिडक्यांतून कापूस बाहेर आला होता. एका ओसरीत दोन मुली भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. त्यांना स्वेटर नव्हते आणि त्यांना थंडीही वाजत नव्हती. भैरवीने गाडी हळू केली. तो पाऊस तीन दिवस होता आणि तो फक्त एका तांड्यावर पडला नव्हता.

उकडलेल्या सरकीचा वास येत होता. आपल्याच कपड्यांचा असेल, तिने स्वतःला सांगितलं. दिवसभर त्यातच होते. ती थांबली. ओढणी काढली, घडी करून डिकीत कोंबली, डिकी लावली. स्वेटरही काढून सीटवर ठेवला आणि वारा घरांकडून येत होता तिकडे पंचवीस पावलं चालत गेली. तिथे उभी राहून तिने पुन्हा श्वास घेतला.

मग ती परत आली, पर्समधून थर्मामीटरची डबी काढली, आणि ओसरीतल्या मुलींना विचारलं, "घरात मोठं कोण आहे?"